12 वर्षांची कॅचर: दुसऱ्या बेसवरचा थ्रो दोन टप्पे घेतो आणि उजवीकडे वळतो

लेफ्टफील्ड

फास्टपिच सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ), 12 वर्षांखालील मुलींचा संघ. कॅचर (बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल झेलणारी) उजव्या हाताची, अंगाने बारीक. झेल पक्के आहेत, जमिनीवर आपटणारे पिच (पिचरने टाकलेले बॉल) अंगावर घेऊन अडवते, भीती अजिबात नाही. सगळं अडतं ते स्टीलच्या वेळी, म्हणजे बॅटचा फटका नसताना रनर पुढच्या बेसकडे पळते तेव्हा.

मैदान नेहमीचं: बेस 60 फुटांवर, पिचिंगचं अंतर 40 फूट, बॉल 12 इंच घेराचा. पिच तिच्या ग्लव्हमध्ये आल्यापासून बॉल दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंत स्टॉपवॉचवर 3 सेकंद लागतात. थ्रो दोन टप्पे घेतो आणि शेवटी उजवीकडे, म्हणजे फर्स्ट बेसच्या बाजूला वळतो. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर, थ्रो घ्यायला दुसऱ्या बेसवर येते) बेस सोडून तो आणायला जावं लागतं. "जोर लाव" म्हटलं की पुढचा थ्रो सगळ्यांच्या डोक्यावरून सेंटर फील्डला, म्हणजे दुसऱ्या बेसमागच्या मोकळ्या मैदानात.

डोळ्यांना दिसतं ते असं: झेलल्यावर ती आधी ताठ उभी राहते, मग दोन पावलं टाकते, हात मागे लांब नेते आणि फेकते. हाताची ताकद कमी पडतेय असं पालकांचं म्हणणं, म्हणून जड बॉलने सराव सुरू करावा असा त्यांचा आग्रह आहे. सुरुवात नेमकी कुठून करावी? आणि या वयात दिवसाला किती थ्रो करून घ्यावेत?

प्लेटमागे

ताकदीचं नंतर बघू. आधी हिशेब मांडा, म्हणजे किती वेळ कमवायचाय ते कळेल.

पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. या वयाची चपळ मुलगी 60 फूट साधारण 3.3 सेकंदांत धावते. ताशी 70 किमीचा पिच कॅचरपर्यंत यायला 0.6 सेकंद घेतो. उरले 2.7. टॅगसाठी (बॉल असलेला ग्लव्ह रनरला लावायला) 0.2 सोडा. म्हणजे तुमच्या कॅचरकडे 2.5 सेकंद आहेत आणि ती 3 घेतेय.

हा अर्धा सेकंद दंडात शोधू नका. होम प्लेट (बॅटर खेळते ती जागा) ते दुसरा बेस 84 फूट 10 इंच, म्हणजे जवळपास 25.9 मीटर. ताशी 72 किमीचा थ्रो सेकंदाला 20 मीटर जातो. केवळ वेगाच्या बळावर त्यातला 0.1 सेकंद वाचवायचा तर ताशी 78 किमीपर्यंत जावं लागेल. एवढी वाढ एका हंगामात सहसा होत नाही. उलट ताठ उभं राहणं, वाढीव पाऊल आणि हात मागे लांब नेणं या तिन्हींत मिळून 0.3 सेकंद सहज जात असतील, आणि ते सरावाने परत मिळतात.

पकडीपासून सुरू करा. 12 इंची बॉल लहान हाताला मोठा पडतो, म्हणून मुली तो तळव्यात कोंबतात. तळव्यात बसलेला बॉल बोटांवरून सुटत नाही, ढकलला जातो. बॉल फिरवून शिवणीचा नालासारखा वळलेला भाग शोधायला लावा. तो आडवा धरून तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं शिवणीवर आडवी टेकवायची, अंगठा बरोबर खाली, करंगळी बाजूला दुमडलेली. बॉल आणि तळवा यांच्यात एक बोट जाईल एवढी फट दिसली पाहिजे. मोठ्या मुली दोन बोटांनी पकडतात ते बघून तिला तसं करायला लावू नका. हात वाढला की अनामिका आपोआप बाजूला सरकेल.

पकड न बघता सापडली पाहिजे. घरी बसल्याबसल्या करायचा सराव: ग्लव्हमध्ये बॉल टाकायचा, डोळे मिटून हात घालायचा, शिवण शोधायची, बाहेर काढून बघायचं. रोज 30 वेळा. यात खांद्यावर काहीच ताण नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही चालतो.

फिरकी तपासायला बॉलभोवती रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा घाला आणि पट्टी मधल्या बोटाच्या रेषेत येईल असा बॉल धरायला सांगा. 25 फुटांवर उभं राहून तिचा थ्रो घ्या. पट्टी हवेत उभ्या स्थिर रेघेसारखी दिसली तर बोटं बॉलच्या मागे आहेत. पट्टी तिरकी झाली किंवा डुगडुगली तर बोटं बाजूला घसरताहेत. तुमचा उजवीकडे वळणारा थ्रो बहुधा इथेच सापडेल. कोपर खांद्याच्या खाली उतरलं की हात बाजूने फिरतो, फिरकी तिरपी होते आणि उजव्या हाताच्या मुलीचा बॉल उजवीकडेच पळतो. डावा खांदा वेळेआधी उघडला तरी परिणाम तोच. तेव्हा पट्टी तिरकी दिसली की पकड, कोपर आणि खांदा या क्रमाने तपासा. पकडीत दोष असेल तर तो दहा मिनिटांत दिसतो, खांद्याला वेळ लागतो.

ग्लव्हमधून हातात बॉल घेण्याबद्दल दोनच गोष्टी. एक, ग्लव्ह पुढे ताणून झेलायचं नाही. बॉल थोडा अंगाजवळ येऊ द्यायचा. पुढे ताणलेला हात परत आणायला वेळ लागतो, आणि बॉल तर स्वतःच्या पायाने येतच असतो. दोन, उजवा हात ग्लव्हकडे पाठवायचा नाही, ग्लव्ह उजव्या हाताकडे आणायचा. झेलता झेलता ग्लव्ह छातीच्या उजव्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा खाली येतो आणि त्याचा तळ तिच्याकडे वळतो. उजवा हात तिथे थांबलेला असतो. हात पुढे धावत गेला तर कोपरही पुढे जातं आणि मग त्याला मागे नेण्यासाठी तो लांब वळसा घ्यावा लागतो, जो तुम्हाला दिसतोय. लांब वळसा आउटफील्डरला (लांब मैदानातल्या फील्डरला) शोभतो. कॅचरचा हात छातीपासून थेट कानामागे गेला पाहिजे, बॉल कानापासून वीतभर मागे, कोपर खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर.

स्टॉपवॉच

वरचं सगळं मान्य, पण 3 सेकंद हा आकडा एकसंध घेऊन काही कळणार नाही. मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन असतं. कॅमेरा तिच्या उजव्या बाजूला, प्लेटच्या रेषेत, 5 मीटरवर, कमरेच्या उंचीला ठेवा. मग या पाच जागी फ्रेम क्रमांक लिहून घ्या:

1. बॉल ग्लव्हला लागला
2. बॉल उजव्या हातात आला
3. उजवं पाऊल टेकलं
4. डावं पाऊल टेकलं
5. बॉल हातातून सुटला

फरकाला 240 ने भागा, सेकंद मिळतील. एका थ्रोवर विसंबू नका, पाच-सहा मोजा आणि मधला आकडा धरा. दुसरा व्हिडिओ मागून, पिचरच्या रेषेत घ्या. पावलं कुठे पडतात आणि खांदा कधी उघडतो ते बाजूने दिसत नाही.

हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचवर 0.1 सेकंदाची चूक सहज होते, त्यामुळे 2.9 आणि 3.0 यांत सुधारणा शोधत बसू नका.

लेफ्टफील्ड

मोजलं. मधले आकडे असे, 1 क्रमांकापासून धरलेले:

बॉल हातात: 74 फ्रेम
उजवं पाऊल: 122
डावं पाऊल: 240
बॉल सुटला: 288

म्हणजे हातातून सुटेपर्यंत 1.2 सेकंद. पुढचा 1.8 बॉलच्या प्रवासात. मागून घेतलेल्या व्हिडिओत डावं पाऊल दुसऱ्या बेसच्या रेषेच्या बरंच डावीकडे पडतंय, जवळजवळ शॉर्टस्टॉपच्या नेहमीच्या जागेकडे तोंड करून. पट्टीवाला बॉलही करून पाहिला: 25 फुटांवर गुडघ्यावर बसून रेघ सरळ येते, पूर्ण थ्रोला तिरकी होते.

स्टॉपवॉच

मग निदान झालंच. हातात बॉल यायला 0.3 सेकंद, हे या वयाला ठीक आहे. तिथे फार वेळ घालवू नका. शेवटचा तुकडा, डावं पाऊल टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत 48 फ्रेम म्हणजे 0.2 सेकंद, तोही बरा आहे. घोटाळा मधे आहे. उजवं पाऊल टेकायला अर्धा सेकंद (उभं राहण्यात जातोय) आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत आणखी जवळपास अर्धा. हा दुसरा अर्धा सेकंद म्हणजे लांब पाऊल आणि लांब वळसा, दोन्ही एकमेकांची वाट बघताहेत.

लक्ष्य ठेवा: उजवं पाऊल 85 ते 90 फ्रेमवर, डावं 165 ते 170 वर, बॉल 210 ते 215 वर. म्हणजे सुटेपर्यंत 0.9 सेकंदाच्या आत.

गुडघ्यावर फिरकी सरळ आणि उभ्याने तिरकी, याचा अर्थ पकड बरोबर आहे. दोष पायांपासून वर येतोय. डावं पाऊल रेषेच्या डावीकडे पडलं की कंबर आणि डावा खांदा लवकर उघडतात, हात मागे राहतो, कोपर उतरतं आणि बॉल बाजूने सुटतो. आधी पावलाची जागा दुरुस्त करा. कोपर "वर घे, वर घे" म्हणून ओरडलात तर ती खांदा आखडून घेईल आणि एवढंच होईल.

प्लेटमागे

बरोबर. आता पायांचं काम, तेही बॉलशिवाय.

रनर बेसवर असताना बसण्याची ठेवण वेगळी हवी. पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद, उजवं पाऊल डाव्यापेक्षा 8-10 सेंमी मागे, मांड्या जमिनीला समांतर, वजन चवड्यांच्या आतल्या कडेवर. टाचा अगदी हलक्या. उजवा हात मूठ करून, अंगठा आत, ग्लव्हच्या मागे. ढुंगण टाचांवर टेकलेलं असेल तर उठताना वरच जावं लागतं, पुढे जाता येत नाही. ती ताठ उभी राहते त्याचं मूळ बहुधा या बसण्यातच आहे.

जमिनीवर खडूने दुसऱ्या बेसच्या दिशेने रेघ काढा आणि तिला काटकोनात छेदणारी दुसरी रेघ. ती या छेदावर बसेल. टाळी वाजली की उजवं पाऊल छातीखाली, जवळपास डावं होतं त्या जागी, पुढे सरकतं आणि आडव्या रेघेवर बसतं, म्हणजे पावलाची आतली कड दुसऱ्या बेसकडे. डावं पाऊल लांब रेघेवर, बोटं किंचित उजवीकडे. पावलाची लांबी तिच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, त्यापुढे नाही. टेकल्यावर जागीच थांबायचं आणि खाली बघायचं. 10 वेळा, मग विश्रांती, परत 10. उजव्या पावलाची बोटं बेसकडे वळलेली आढळली तर कंबर आधीच उघडली असं समजा आणि तो प्रयत्न मोजू नका.

उंचीसाठी तिच्या डोक्यावर, ती फेकायच्या तयारीत गुडघे वाकवून उभी असताना जी उंची येते तिथे, एक काठी आडवी धरा. पावलं टाकताना हेल्मेट काठीला लागलं नाही पाहिजे. शब्दांनी "खाली राहा" सांगून जे होत नाही ते काठीने होतं.

जुना_शॉर्टस्टॉप

मला ते पुढे सरकणारं उजवं पाऊल पटत नाही. जागच्या जागी उडी मारून दोन्ही पावलं एकदम फिरवली की उजवं पाऊल 70 फ्रेमच्या आसपास टेकतं. जास्त जलद. मोठ्या संघांतल्या कॅचर बहुतेक तसंच करतात.

आणि दुसरं, सगळेजण कॅचरवरच बोलताय. 3 सेकंदांतला काही भाग बेसवरच्या मुलीचा आहे. ती ग्लव्ह पुढे करून बॉलला भेटायला जाते आणि मग परत टॅगला येते. बॉल ग्लव्हपेक्षा जोरात येतो, त्याला येऊ द्यावं. बेसच्या दोन्ही बाजूंना पाय, गुडघे वाकलेले, ग्लव्ह बेसच्या फर्स्टकडच्या कोपऱ्यावर गुडघ्याच्या उंचीला. कॅचरला निशाणा दिसतो आणि टॅगसाठी ग्लव्ह फक्त खाली जातो.

प्लेटमागे

जागच्या उडीचं म्हणणं अर्धं मान्य. ती जलद आहे, पण तिच्यात शरीर पुढे जात नाही, सगळा भार हातावर येतो. ज्या मुलीचा बॉल 85 फूट आरामात जातो तिने ती करावी. हिचा बॉल आत्ता दोन टप्पे घेतोय. हिला पुढे सरकण्यातून मिळणारी ढकल सोडून चालणार नाही, पावलाला 0.06-0.08 सेकंद जास्त लागले तरी थ्रोमध्ये ते वसूल होतात. आणखी दोन वर्षांनी बदलता येईल.

शिवाय पिच कुठे येतो त्यावरही पाऊल ठरतं. तिच्या उजवीकडे आलेल्या पिचला उजवं पाऊल बॉलच्या मागे उजवीकडे छोटं सरकतं आणि तिथूनच फिरते. डावीकडच्या पिचला उजव्या पावलाला जास्त अंतर कापून बॉलपाशी यावं लागतं. ते न करता नुसत्या हाताने ओढून आणलं तर डावा खांदा उघडणारच. सरावात पिच मुद्दाम दोन्ही बाजूंना टाका. मधोमध टाकलेल्या बॉलवर सगळ्याच कॅचर छान दिसतात.

बेसवरच्या मुलीचा मुद्दा पूर्ण मान्य.

जुना_शॉर्टस्टॉप

ठीक, हलक्या हाताला पुढचं पाऊल. मग उंचीचं पण बोलूया, कारण "पिचरच्या डोक्यातून आरपार फेक" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि या वयात तो चुकीचा पडतो. ताशी 64-65 किमीचा थ्रो पिचरच्या डोक्याच्या उंचीने गेला तर तो बेसच्या बराच अलीकडे पडतो, नंतर दुसरा टप्पा. म्हणजे दोन टप्पे घेण्यात हाताचा दोष असेल तेवढाच निशाण्याचाही असेल. अशा वेगाला बॉल 40 फुटांवर साधारण अडीच ते पावणेतीन मीटर उंचीवरून जायला हवा. मग तो बेसच्या तीन-चार मीटर अलीकडे एकदाच टप्पा घेऊन टॅगच्या उंचीला येतो.

पिचिंगच्या जागी दोन खांबांना अडीच मीटरवर दोरी बांधा, दोरीच्या थोडं वरून टाकायला सांगा. सरळ हवेतून पोचवण्याचा हट्ट नको. तेवढ्याच वेगाने थेट पोचवायचं तर बॉल अजून उंच चढवावा लागतो, वेळ जवळपास तेवढाच लागतो आणि चुकला तर सेंटर फील्डला जातो. ताकद वाढेल तशी दोरी खाली आणा.

लेफ्टफील्ड

दोरीची कल्पना उपयोगी आहे. पण डोक्यावरून जाणाऱ्या थ्रोचं काय? एक खाली आणि एक वर, दोन्ही एकाच मुलीचे.

प्लेटमागे

दोन्ही एकाच कारणाने. "जोर लाव" म्हटलं की मुलं मागे झुकतात आणि डावं पाऊल लांब टाकतात. वजन उजव्या पायावरच राहतं, छाती आकाशाकडे वळते, बॉल लवकर सुटतो, वर जातो. पुढच्या वेळी घाबरून ती बॉल धरून ठेवते, उशिरा सोडते, तो जमिनीत जातो. "जोर लाव" हे वाक्यच सरावातून काढून टाका. त्याऐवजी शेवट सांगा: थ्रो झाल्यावर उजवा खांदा डाव्या गुडघ्यावर आला पाहिजे आणि उजवा पाय पुढे येऊन टेकला पाहिजे. शेवट बरोबर आला म्हणजे वजन पुढे गेलं.

डाव्या हाताकडेही बघा. ग्लव्ह बाहेर झटकला की खांदा त्याच्या मागे उघडतो. डावं कोपर आधी बेसकडे, मग ग्लव्ह छातीशी ओढून घेतला जातो, बाहेर फेकला जात नाही.

खांदा_कोपर

जड बॉल नको. या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या आणि खांद्याजवळच्या हाडाच्या ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं त्या जागा) उघड्या असतात. तिथलं कूर्चेचं बांधकाम आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा आणि कंडऱ्यांपेक्षा कमकुवत असतं. मोठ्या माणसाचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) दुखावतो, मुलांची ही प्लेट ओढली जाते. जड बॉलने हा ताण वाढतो आणि लय बिघडते ती वेगळीच. कोपर उतरलेलं, खांदा लवकर उघडलेला, अशा फेकीत हा ताण आधीच जास्त असतो. त्यामुळे वर चाललेली दुरुस्ती हीच तिची पहिली काळजी समजा.

थ्रोंची संख्या. पूर्ण अंतराचे, पूर्ण जोराचे थ्रो एका सरावात 20-25, आठवड्यात तीन दिवस, दोन दिवस लागोपाठ नकोत. कमी अंतराचे आणि तंत्राचे 40 पर्यंत चालतील. कॅचरच्या बाबतीत एक गोष्ट सगळे विसरतात: प्रत्येक पिचनंतर ती बॉल परत पाठवते. एका सामन्यात शंभरच्या आसपास पिच झाले तर जवळपास तेवढेच 40 फुटांचे थ्रो झाले. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेसचा सराव ठेवू नका. आणि कॅचर असलेल्या मुलीला त्याच दिवशी पिचर करू नका.

सुरुवात धावण्याने, मग खांदे-पाठ मोकळी करून 20, 35, 50, 65 फूट असं वाढवत प्रत्येक अंतरावर 6-8 थ्रो. थंड अंगाने बेसवर फेकायला लावणं बंद.

ताकदच वाढवायची असेल तर ती पाय आणि पाठीत वाढवा. लंज, स्क्वॉट उड्या, प्लँक. खांद्यासाठी रबरी पट्टा: कोपर कमरेशी 90 अंशांत, कोपर आणि कंबर यांच्यात घडी केलेला टॉवेल, हात बाहेरच्या दिशेने सावकाश. 12 वेळा, दोनदा. पट्टा इतका हलका हवा की शेवटच्या दोन वेळांतही टॉवेल पडणार नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याच्या वरच्या बाहेरच्या भागात दुखत असेल तर त्या दिवशी फेकणं थांबवा, "थोडंसंच दुखतंय" असं ती म्हणाली तरी. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, कोपर पूर्ण सरळ होत नसेल किंवा दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बर्फ लावून सामना खेळवू नका.

लेफ्टफील्ड

जड बॉलचा विषय संपला, पालकांना हे वाचायला देतो. शेवटचे दोन प्रश्न. तिसऱ्या बेसवरच्या थ्रोला उजव्या हाताची बॅटर मधे येते, तेव्हा पाऊल कसं? आणि हे सगळं आठवड्यात बसवायचं कसं?

प्लेटमागे

तिसरा बेस: अंतर 60 फूट, म्हणजे हाताचा प्रश्नच नाही, फक्त वाट मोकळी करायची. उजव्या हाताची बॅटर कॅचरच्या डावीकडे उभी असते. पिच मधोमध किंवा डावीकडे आला तर बॅटरच्या मागून फेका: उजवं पाऊल डाव्या पावलाच्या मागून मागे-डावीकडे, मग डावं तिसऱ्या बेसकडे. पिच उजवीकडे, बॅटरपासून लांब आला तर उलट, उजवं पाऊल पुढे टाकून बॅटरच्या समोरून. मधल्यामधे उभं राहून बॅटरच्या डोक्यावरून फेकायचा मोह मुलींना होतो. तो थ्रो डाव्या आउटफील्डमध्ये जातो आणि रनर होमला येते. डाव्या हाताची बॅटर असेल तर वाट मोकळीच असते.

आठवडा असा बसवा:

पहिला दिवस: खडूच्या रेघांवर पावलं 20, काठीखाली 10. मग दोघींनी 8 फुटांवर बसून हळू टॉस, ग्लव्ह छातीशी आणून पकड सापडली की थांबायचं, 20 वेळा. उजवा गुडघा टेकवून 25 फुटांवरून 12 थ्रो, पट्टीच्या बॉलने.

दुसरा दिवस: पावलं 10. मग बसलेल्या स्थितीतून 60 फुटांवर 15 थ्रो, पिच दोन्ही बाजूंना. अंतर कमी असल्यामुळे जोर लावावासा वाटत नाही आणि पाऊल रेषेवर राहतं. शेवटी तिसऱ्या बेसचे 8.

तिसरा दिवस: दोरीवरून पूर्ण अंतराचे 20, बेसवर खरी शॉर्टस्टॉप. त्यातले शेवटचे 6 व्हिडिओवर.

पहिले दोन आठवडे स्टॉपवॉच खिशात ठेवा. वेळ दाखवली की ती घाई करेल आणि पावलं परत जुनी होतील. डावं पाऊल दहापैकी आठ वेळा रेषेवर यायला लागलं की मोजा.

आणि पिचरला बॉल परत करताना गुडघ्यावर बसून, कोपर खाली टाकून आळसाने फेकत असेल तर तेही बंद करा. रनर नसताना उठून, योग्य पकडीने, डावा खांदा पिचरकडे करून हलकाच परत द्यायचा. सामन्यातल्या त्या शंभर थ्रोंपुढे सरावातले वीस टिकत नाहीत.

स्टॉपवॉच

सामानाकडेही एकदा नजर टाका. कॅचरचा ग्लव्ह 34 इंची असेल तर या हाताला मोठा आहे, बॉल आत खोल जातो आणि शोधावा लागतो. 32 किंवा 32.5 इंची पुरे. ग्लव्ह नवा आणि कडक असेल तर बॉल कप्प्यात बसत नाही, उसळतो, आधी तो मऊ करून घ्या. चेस्ट प्रोटेक्टरचा उजव्या खांद्यावरचा तुकडा मोठा असेल तर कोपर वर येताना अडकतो. तिला प्रोटेक्टर घालून हात कानामागे न्यायला सांगा; छातीचा भाग वर सरकून हनुवटीला लागला तर मागचे पट्टे पुन्हा बसवावे लागतील. लेग गार्डची बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला आहेत ना तेही बघा, आत असली की उजवं पाऊल सरकताना एकमेकांत अडकतात.